कातडी काळी पडली नाही म्हणून

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून नेरूळहून लिहून पाठवतेय. चष्मा लावून वाचा.

बाबा, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तुमचं रेडिएशन (किरणांचे उपचार) चालू आहे, आणि तुम्ही "बारा दिवस झाले, अंगावर डागसुद्धा नाही, मशीन चालतंय तरी का?" असं म्हणालात म्हणे. तुमच्या डोळ्यांसमोर माईकाकू आहेत, त्यांची छाती रेडिएशनने काळी पडून सोलवटली होती. पण त्यांचा आजार कातडीला लागूनच, आणि मशीन कोबाल्टचं. त्याच्या किरणांचा सर्वात जास्त डोस कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर पडतो. तुमच्या ६ एमव्हीच्या (साठ लाख व्होल्टच्या) मशीनचा दीड सेंटिमीटरवर. हे किरण आत शिरून इलेक्ट्रॉन पुढे ढकलतात, ते थोडं अंतर जाऊन ऊर्जा सोडतात, म्हणून कातडी वाचते. दहा सेंटिमीटरवर जेमतेम दोन तृतीयांश डोस उरतो. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, तर पार आत. म्हणून मशीन भोवती फिरतं: सगळीकडून थोडा थोडा, आत एकाच जागी जमा.

आई, तू त्याला 'शेक' म्हणतेस, पण एका दिवसाच्या डोसने अंग अंशाच्या हजाराव्या भागानेही तापत नाही. मार बसतो तो पेशीतल्या डीएनएला. बऱ्याच पेशी पुढे दुभंगायला जातात तेव्हा मरतात, म्हणून लगेच काही दिसत नाही.

रात्री चारदा उठावं लागतं ना? मूत्राशयाची मान प्रोस्टेटला चिकटलेली, तिला थोडा मार बसतोच. डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि रोज पाणी पाजून बसवतात ते छळायला नाही! मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात, माऱ्याबाहेर जातात. परवा चोरून मोकळे होऊन आलात आणि स्कॅनमध्ये पकडले गेलात, हे मला कळलंय.

तळमजल्यावरच्या काकांनी खारघरच्या टाटा हॉस्पिटलच्या प्रोटॉन मशीनचं डोक्यात घातलंय. त्यात या किरणांऐवजी प्रोटॉन नावाचे कण सोडतात; प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, पुढे जात नाही. मशीन उत्तमच, पण निम्म्यात बदलायचं कारण मला तरी दिसत नाही.

आई, चिनूला त्यांच्या मांडीवर बसू दे. मशीन बंद झालं की अंगात किरण उरत नाहीत.

रविवारी ठाण्याला येते. सोमवारी बाबांबरोबर मी जाणार, पाण्याची बाटली माझ्या हातात असेल.

तुमची,
ताई