कोणती एन्ट्रॉपी, तेही सांगा

महोदय,

एन्ट्रॉपीवरून, म्हणजे शक्यता किती विखुरल्या आहेत याच्या मापावरून, मूलकणांचे वस्तुमान सांगता येते, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवल्यामुळे हा शब्द दिसला की पेन्सिल हाती घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

हिग्ज कण जन्मतो न जन्मतो तोच मोडतो. शंभरांत साधारण 58 वेळा बॉटम क्वार्क या कणांची जोडी निघते, 21 वेळा डब्ल्यू बोसॉन या कणांची आणि फोटॉनांची (प्रकाशकणांची) तर हजारात जेमतेम दोनदा. हिग्जचे वस्तुमान वेगळे असते तर ही टक्केवारीही वेगळी असती. 2014 मध्ये ब्राझीलमधल्या तीन संशोधकांनी हिशेब मांडला, की या वाटणीची एन्ट्रॉपी 125.04 जीईव्हीला (हे कणांच्या वस्तुमानाचे एकक) सर्वाधिक होते. प्रयोगाचा 2015 चा आकडा 125.09. लेख इथेच थांबतो.

मी माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननचे एन्ट्रॉपीचे 1948 चे साधे सूत्र लावून पाहिले. एका हिग्जसाठी 125 ला उत्तर आले 1.8 बिट. हिग्ज 130 चा असता तर? 1.9. म्हणजे शिखर 125 ला नाहीच! तासभर बेरजा तपासल्यावर उलगडा झाला. त्या संशोधकांची एन्ट्रॉपी एका कणाची नव्हेच. ढीगभर हिग्ज मोडले तर त्यांची वाटणी किती तऱ्हांनी पडेल, याची ती आहे. तिथे सगळ्या शक्यतांचा गुणाकार निर्णायक ठरतो आणि फोटॉनच्या चिमूटभर शक्यतेलाही बॉटम क्वार्कच्या बरोबरीचा मान मिळतो. गणित म्हणून दोन्ही एन्ट्रॉपी चोख आहेत. निसर्गाने दुसरीच का निवडावी, याबद्दल लेखात अक्षर नाही.

शिवाय हिग्ज सापडला 2012 मध्ये. फळ्यावरचे उत्तर पाहून रीत जमवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत (हुशारच असतात बहुधा). याउलट इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या तीन कणांची वस्तुमाने एकमेकांशी जोडणारे योशिओ कोइदे या जपानी भौतिकशास्त्रज्ञाचे सूत्र घ्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टाऊ कणाचे मोजलेले वस्तुमान 1784 एमईव्हीच्या (जीईव्हीचा हजारावा भाग) आसपास होते, सूत्र मात्र 1777 म्हणत होते. 1992 मध्ये बीजिंगला नव्याने मोजमाप झाले, तेव्हा सरकला तो प्रयोगाचा आकडा. ते सूत्र का जुळते हे अजून कुणाला नीट सांगता आलेले नाही, पण ते आधी बोलले होते.

एन्ट्रॉपीची हीच रीत अद्याप न सापडलेल्या ॲक्सिऑन या कल्पित कणालाही लावून झाली आहे. पुढच्या लेखात तो आकडा ठळक छापावा. कात्रण जपून ठेवीन म्हणते.

– एक निवृत्त शिक्षिका