गाळपेर वावरातल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या काठी, पाणी ओसरल्यावर पेरल्या जाणाऱ्या तुमच्या गाळपेर वावराच्या बांधावर बसून आमच्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं बदक ओळखलं. त्याचे हे जाहीर आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं नव्यानं पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

"सकाळी ऊन पाठीवर घ्या," हे तुमचं पहिलं सांगणं. नवखा माणूस उन्हाकडे तोंड करून उभा राहतो. मग पाण्यावरचं सगळंच काळं दिसतं आणि प्रत्येक बदक म्हणजे वारकरी हा काळा पाणपक्षीच वाटतं. म्हणून सकाळी पाणी पश्चिमेला राहील असा काठ धरायचा, संध्याकाळी त्याच्या उलट. आणि बसायचं. उभ्या माणसाची आकृती आभाळावर उठून दिसते, थवा आत सरकतो.

पाण्याचं गणितही तुमचंच. जायकवाडीचा जलाशय पसरट आणि उथळ. पाणी थोडं उतरलं तरी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, तिथंच तुम्ही हरभरा पेरता आणि तिथंच चिखलपक्षी किडे टिपायला उतरतात. लांब लाल पायांचा शेकाट्या पाण्यात चालत जातो. छोटी तुतारी कोरड्या कडेनं शेपूट सारखं खालीवर हलवत फिरते, तिच्या छातीचा पांढरा रंग पंखापुढून खांद्याकडे चढलेला असतो. पाय किती बुडलेत आणि पक्षी करतोय काय, हे आधी बघा, रंग मागून, असं तुम्ही सांगायचात. ते किती खरं! ऑक्टोबरात आलेल्या थापट्या बदकाचे नर अजून मादीसारखेच मळकट असतात, त्यांचा रंग हिवाळा चढेल तसा खुलतो. रंगावर गेलेला तिथं हमखास चुकतो. फावड्यासारखी चपटी चोच मात्र बारमाही तीच. वारकरीही तसाच: काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा, आणि उडायच्या आधी पाण्यावर लांबवर धावणं. हळदीकुंकू बदकाला तर नावच पुरे, चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू.

दुर्बिणीचं थोडक्यात. ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मि.मी. भिंगाची पुरते, दहापटीची नवख्या हातात थरथरते. आधी डावा डोळा मधल्या चाकानं स्पष्ट करायचा, मग उजवा त्या बाजूच्या भिंगावरच्या कड्यानं. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्याला आणायची, नाहीतर तो सापडतच नाही. पुस्तक शेवटी, आधी वहीत वेळ, जागा, चोच, पाय, चाल.

आणि एक गोष्ट आम्ही विसरणार नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हे रानहंस हिमालय ओलांडून येतात, अंधारात तुमच्या हरभऱ्यात उतरतात आणि कोवळे शेंडे खुडतात. नुकसान तुमचं होतं. तरी तुम्ही फटाके लावत नाही, बांधावरून कंदील घेऊन एक फेरी मारता, आणि सकाळी आम्हाला ते पाण्यावर विसावलेले दिसतात.

यंदा येणारे सगळे बांधावरूनच, एकामागे एक चालतील. ओल्या सरीत कुणी पाय घालणार नाही, हा शब्द.

तुमचे,
नाथसागरावर पक्षी बघायला येणारे आम्ही सगळे