सेव्हेर नदीकाठून मन्याला

लिस्बन,
२८ एप्रिल

प्रिय मन्या,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहून झाल्यावर शेवटी तू एकच ओळ लिहिलीस, "आता आपले डोंगर संपले बे." त्या ओळीपुढे मला काही सुचेना, म्हणून उत्तर राहिलं. चार दिवस आलेंतेजो या इथल्या प्रांतात चालून परवा परत आलो आणि आज सकाळी पहिलं काम हे घेतलं. पत्र लांबणार आहे. पाय वर ठेवून, चहा घेऊन बस.

नकाशात पोर्तुगालच्या मध्याच्या जरा खाली, उजव्या कडेला स्पेनच्या सरहद्दीशी बघ. सां मामेद नावाची डोंगररांग आहे. तिथून सेव्हेर ही छोटी नदी निघते, थोडं अंतर पोर्तुगालमधून वाहते आणि मग कितीतरी मैल दोन देशांची सीमा होऊन शेवटी तेजो नदीला मिळते. नदी म्हणतोय खरी, पण आपल्याकडच्या हिशेबाने मोठा नालाच. काठाला आल्डर आणि अ‍ॅशची झाडं इतकी दाट की पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. मी पोर्ताजें या गावातून चालायला सुरुवात केली. पोर्ताजें म्हणजे जकात. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा त्यातले हजारो या बाजूने पोर्तुगालमध्ये शिरले आणि इथे पैसे भरून पुढे गेले. जकातीचा बुरूज अजून उभा आहे, त्याच्या पायथ्याशी दगडी पूल. वर साडेआठशे मीटरवर मार्व्हांवचा किल्ला कड्याच्या टोकावर बसलाय. गिधाडं त्या तटबंदीच्याही खाली घिरट्या घालत होती, त्यामुळे वर गेल्यावर त्यांच्या पाठी दिसल्या. तुला नरनाळ्याची आठवण झाली असती.

वाटेवर झाडांच्या खोडांना आणि दगडांना पिवळी-लाल अशा दोन रेघांची खूण असते. रेघा एकमेकींना छेदून फुली झाली असेल तर ती वाट आपली नाही. एवढं कळलं की नकाशा लागत नाही. कुरणांमधून जाताना लाकडी फाटकं लागतात. ती उघडायची, पार व्हायचं, पुन्हा लावून घ्यायची. गुरं आत चरत असतात, कोणी अडवत नाही. एप्रिलमध्ये गवत गुडघ्याच्या वर आणि त्यात पॉपीची लाल फुलं. स्तेव्हा नावाचं एक झुडूप आहे, पाच पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मुळाशी गडद तांबडा ठिपका. त्याची पानं चिकट. विजारीला त्याचा राळेसारखा वास लागला, तो अजून गेलेला नाही. धुवायला टाकवत नाही म्हणून तशीच ठेवलीय.

बुचाची झाडं तर तुला दाखवायलाच हवीत. पांढऱ्या लांब फुलांच्या आपल्या बुचाशी यांचा संबंध नाही, हे ओक. नऊ वर्षांतून एकदा उन्हाळ्यात कुऱ्हाडीने साल सोलून काढतात आणि उघड्या पडलेल्या खोडावर एक आकडा रंगवतात. ज्या साली सोलली त्या सालाचा शेवटचा आकडा. ३ लिहिलेला असेल तर २०२३ ला काढली, आता २०३२ पर्यंत हात लावायचा नाही. नवीन झाड लावलं तर पहिली साल यायला पंचवीसेक वर्षं लागतात, आणि बाटलीच्या बुचाजोगी चांगली साल मिळायला आणखी दोन खेपा. म्हणजे लावतो एक आणि सोलतो त्याचा मुलगा. त्या झाडांखाली बसून भाकरी खाल्ली (भाकरी म्हणजे इथला जाड कवचाचा पाव आणि नीझाचं मेंढीच्या दुधाचं चीज), तेव्हा तुझ्या आजोबांची काटोलची संत्र्याची बाग डोळ्यांपुढे आली.

आता दगडांकडे येतो. गेलो होतो त्यांच्यासाठीच.

या भागात जुन्या दगडी थडग्यांना आंता म्हणतात. आपल्या 'अंत'शी त्या शब्दाचं नातं नाही, पण मला मात्र दर वेळी तोच ऐकू यायचा. ग्रॅनाइटच्या उंच फाड्या एकमेकींना टेकवून गोल उभ्या केलेल्या, वर एक प्रचंड छतशिळा आणि एका बाजूला आत जायला अरुंद बोळ. पाच-सहा हजार वर्षं जुनी. वर मातीचा ढिगारा असायचा, तो पावसापाण्यात वाहून गेला आणि आतला सांगाडा तेवढा उरला. कास्तेलो द व्हिद गावाच्या आसपास अशी कितीतरी आहेत. काहींवर फलक आहे, काही नुसती शेतात उभी. एकीच्या आतून रानटी ऑलिव्ह उगवून छतशिळेच्या फटीतून वर गेलंय. दुसरीच्या फाडीचा कोपरा गुरांनी पाठ घासून घासून गुळगुळीत केलाय. मी हात लावून पाहिला, आपल्या देवळाच्या उंबऱ्यासारखा लागला.

यातल्या बहुतेकांत सात उभे दगड असतात आणि तोंड पूर्वेकडे. मायकेल हॉस्किन नावाच्या संशोधकाने आलेंतेजोतल्या आणि लगतच्या स्पेनमधल्या अशा सात दगडांच्या १७७ थडग्यांची दिशा मोजली. वर्षभरात सूर्य क्षितिजावर ज्या पट्ट्यात उगवतो, त्या पट्ट्याकडेच सगळ्यांचं तोंड निघालं. एकशे सत्त्याहत्तरपैकी एकही बाहेर नाही! मी होकायंत्र घेऊनच गेलो होतो. बोळाच्या आतल्या टोकाला पाठ लावून बसलो आणि सुई पाहिली. पूर्वेपासून जराशी दक्षिणेकडे. कोणी मेलं की त्याला सूर्योदयाकडे तोंड असलेल्या घरात ठेवायचं, आणि ते घर बांधायला अख्ख्या वस्तीने टनावारी दगड ओढायचे. लोखंड नाही, चाक नाही. दोर, लाकडी ओंडके आणि माणसं.

तिथे बसल्यावर आपलं नागपूरजवळचं जुनापाणी आठवलं नसतं तरच नवल. काटोल रोड, तुझी लुना, मागे मी आणि माझ्या खांद्यावर काथ्याच्या दोरीचं वेटोळं. तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत असं सरांनी सांगितलं होतं आणि आपण ती सगळी मोजायला निघालो होतो. दगड काळा, आणि काहींवर वाटीसारखे खळगे. मी वर्तुळाच्या मध्यावर दोरीचं एक टोक धरून उभा राहायचो आणि तू दुसरं टोक घेऊन कडेकडेने फिरायचास. प्रत्येक दगडापाशी थांबून ओरडून आकडा सांगायचास, मी वहीत लिहायचो. जुनापाणी यांच्यामानाने तरुण, अडीच-तीन हजार वर्षांचं, लोखंड आणि घोडे असलेल्या लोकांचं. या दोन लोकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे मला नीट माहीत आहे. तरी त्या बोळात बसून तुझा "साडेपाच!" असा आवाज मला ऐकू आला.

आणि तुझं ते वाक्यही. पुढच्या पावसाळ्यानंतर आपण परत गेलो, तेव्हा एका वर्तुळातले चार दगड गायब होते आणि बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. तू म्हणालास, "दगड हलला की पत्ता हरवतो." मला तेव्हा ते उगाच मोठं बोलणं वाटलं होतं. इथे राहायला लागल्यापासून पटलंय. ग्वादियाना नदीवर आल्केव्हाचं धरण झालं, त्याचं पाणी अडीचशे चौरस किलोमीटरवर पसरलं. त्या पाण्यात शेरेज नावाचं शिलावर्तुळ जाणार होतं, म्हणून दगड उचलून मोंसाराजजवळ दुसरीकडे नेऊन पुन्हा मांडले. ते वाचवलं हे फार चांगलं केलं. मी दोनदा जाऊन आलोय. पण दगड उभे आहेत तिथल्या जमिनीशी त्यांची ओळख नाही, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

मेआदाचा दगड पाहिला तेव्हा याच्या उलट वाटलं. तो तिसऱ्या दिवशी पाहिला. रात्री पाऊस झाला होता, सकाळी एका ओढ्यात पाय ठेवून ओलांडायला टाकलेले दगड पाण्याखाली गेले होते. बूट गळ्यात अडकवून पार झालो, पाणी मांडीपर्यंत आणि बर्फासारखं. पुढे वाट चुकलो, फुली दिसली नाही. बुचाच्या रानातून दोन तास उगाच फिरलो. मग एक उतार संपला आणि झाडांवर डोकं काढून उभा असलेला तो दिसला. एकच दगड. सात मीटरहून जरा जास्त लांबीचा, त्यातला थोडा भाग जमिनीत. अख्ख्या स्पेन-पोर्तुगालमध्ये याहून उंच उभा दगड नाही. त्याच्या पायाशी सापडलेल्या कोळशाचं वय सात हजार वर्षांच्या घरात निघालं. पिरॅमिड बांधले गेले तेव्हा हा अडीच हजार वर्षांचा म्हातारा होता.

कधीतरी तो मोडून पडला. पण बुंधा जमिनीत घट्ट राहिला, जागच्या जागी. त्यामुळे १९९३ साली वरचा तुकडा उचलून त्याच बुंध्यावर बसवता आला. अंगावर सांधा दिसतो. मी बोट फिरवलं त्यावरून. मन्या, मला तिथे तुझा गुडघा आठवला आणि गळा दाटून आला. मी बराच वेळ त्या दगडाला टेकून बसलो. कोकीळ ओरडत होती, ती इथली युरोपातली, हुबेहूब घड्याळासारखं दोन सुरांत बोलणारी. दूर कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या.

उतरलो होतो कास्तेलो द व्हिदमध्ये. घरमालकीण सत्तरीची. वीतभर लांबीची लोखंडी किल्ली हातात ठेवत म्हणाली, "शाव्ह." चावी! त्यांचाच शब्द आपण घेतला, पाव आणि बटाट्यासारखा. पाय पाहून तिने विचारलं नाही की काही नाही, सरळ आसोर्दा करून आणलं. लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात वाटायची, ऑलिव्हचं तेल घालायचं, वरून उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि एक अंडं. आलेंतेजोवाले कोथिंबीर भरपूर खातात. पहिल्या घासाला मला आईच्या हातच्या कुस्कऱ्याचा वास आला.

त्याच गावात ज्यूंची जुनी गल्ली आहे, उतरत्या दगडी पायऱ्या, टोकदार कमानींची दारं, दारादारांत कुंड्या. याच गावात गार्सिया द ओर्ता जन्मला. आईवडील स्पेनमधून हाकलून दिलेले. हा लिस्बनमध्ये वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्याला गेला तो कायमचाच. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाबद्दल त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलंय, की ते वर्षातून दोनदा फळतं. आपली हिंग, हळद, विड्याची पानं, सगळ्यांबद्दल लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली, कारण तो मनातून ज्यूच राहिला होता म्हणे. पणजीच्या बागेला त्याचं नाव आहे. आपण सहलीला गेलो होतो तेव्हा त्याच बागेत बसून भेळ खाल्ली होती, आठवतं? तेव्हा तो कोण हे कोणीच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्या गल्लीत बसून राहिलो. गावाबाहेर चहूकडे पाच-पाच हजार वर्षांची थडगी, ज्यांच्यातल्या माणसांचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही, ती शाबूत. आणि या गावचा इतका प्रसिद्ध मुलगा, ज्याचं नाव जगाला ठाऊक, त्याचं थडगं कुठेच नाही. मला अजून ते सोसत नाहीये.

आता कामाचं. आपली ती वही तुझ्याकडे आहे का? हिरव्या पुठ्ठ्याची, मागच्या पानावर तुझ्या बहिणीने मेंदीची नक्षी काढलेली. शेवटचं वर्तुळ आपण अर्धंच मोजलं होतं, पाऊस आला म्हणून पळालो. सतरावं की अठरावं ते आठवत नाही. वही शोध आणि त्या पानाचा फोटो पाठव. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला येतोय, तिकीट काढलंय. जुनापाणी सपाट माळ आहे, गाडी पार जवळ जाते. दोरी मी आणतो. या वेळी मध्यावर टोक धरून उभं राहायचं ते तू, हवी तर खुर्ची नेऊ. कडेने मी फिरेन आणि आकडे ओरडून सांगेन. अक्षर तुझंच चांगलं आहे, लिहायचं काम तसंही तुझंच असायला हवं होतं.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. व्यायाम चुकवू नकोस.

तुझा,
अव्या

ता. क. बुचाच्या सालीचा एक तुकडा पाकिटात ठेवलाय. वाटेवर पडलेला मिळाला, झाडाचा काढलेला नाही.