मोपा की दाबोळी, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचं नाव घालू नका, असं तुम्ही बजावलं होतं. "आमच्या स्टँडवर सगळेच धंदा करतात, एकट्या आमचंच नाव पुढे आलेलं बरं दिसत नाही," म्हणालात. म्हणून नाव नाही, नंबर नाही, गावही नाही. पण आभार उघड मानायचे होते. बाहेरगावच्या माणसासाठी गाडी ठरवून देणं म्हणजे काय काय असू शकतं, हे तुमच्यामुळे कळलं आणि ते आणखी चार जणांना कळावं असं मनापासून वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये सासूबाईंची पंचाहत्तरी होती. त्यांना समुद्र बघायचा होता, म्हणून सगळ्या घराने दक्षिण गोव्यातल्या वार्क्याच्या एका रिसॉर्टमध्ये जमायचं ठरलं. दीर पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार होते, नणंद मुंबईहून कोकण रेल्वेने मडगावला उतरणार होती. नागपूरहून आम्हीच तेवढे विमानाने, आणि आई, म्हणजे सासूबाई, आमच्याबरोबर. उन्हाळ्यात त्यांचा खुब्याचा सांधा बदलला होता. चालता येत होतं, पण काठी घेऊन आणि जपून. डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: खोल, बुटक्या सीटवर बसायचं नाही, मांडी आणि पोट एकमेकांजवळ येईल असं वाकायचं नाही. ज्यांच्याकडून सहल घेतली त्यांनी विमानतळ ते रिसॉर्ट गाडी धरली होती, पण ती लहान गाडी होती. म्हणून उंच गाडी वेगळी घ्यावी असं आम्ही ठरवलं आणि दिरांच्या मित्राने तुमचा नंबर दिला.

मी दर विचारायला फोन केला. तुम्ही म्हणालात, "दर सांगते ओ, पण आधी तिकीट हातात घ्या. गोवा लिहिलंय त्याच्या बाजूला तीन अक्षरं आहेत. जीओआय की जीओएक्स?"

जीओएक्स होतं.

"म्हणजे मोपा. आणि ती दुसरी गाडी कुठे येणार म्हणून सांगितलंय?"

त्या कागदावर नुसतं "गोवा विमानतळ" होतं. तुम्ही मला फोन ठेवायला लावलात, त्यांना विचारून घ्या आणि मग बोलू, म्हणालात. मी विचारलं. त्यांच्याकडे नोंद दाबोळीची होती.

त्या वेळी तुम्ही जे समजावून सांगितलंत ते इथे लिहिते, कारण आजही अनेकांना गोव्यात दोन विमानतळ आहेत हे नुसतं ऐकून माहीत असतं. दाबोळी जुना, वास्कोजवळचा, नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावरचा. तो जीओआय. मोपा नवा, पेडणे तालुक्यात, पार उत्तरेला, सिंधुदुर्गच्या हद्दीजवळ. त्याचं नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, तिथली प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. तो जीओएक्स. मोरजी, मांद्रे, हरमल या बाजूला उतरायचं असेल तर मोपा अगदी सोयीचा. बांदा, सावंतवाडीकडच्या लोकांचं तर त्याने फारच भलं झालं. पण कोलवा, बाणावली, वार्का, काणकोण म्हणजे दुसरं टोक. दाबोळीहून वार्का तीसेक किलोमीटर, मोपाहून जवळजवळ ऐंशी. मध्ये म्हापसा, पर्वरी, मांडवी, झुआरी, सगळं ओलांडायचं. गाडी एका विमानतळावर आणि माणसं दुसऱ्यावर असती, तर त्या गाडीला आमच्यापर्यंत यायलाच दीड-दोन तास लागले असते. तेवढा वेळ आई कुठे बसल्या असत्या, हे मला अजून मनात आणवत नाही.

हे एवढं सांगून, दर घेऊन तुम्ही मोकळ्या झाल्या असतात तरी मी ऋणी राहिले असते. तुमचे प्रश्न तर तिथून पुढे सुरू झाले.

ऑपरेशन गुडघ्याचं की खुब्याचं, हे तुम्ही विचारलंत. खुब्याचं म्हटल्यावर म्हणालात, "मग आजी पुढे बसतील. सीट पूर्ण मागे सरकवून पाठ जरा कलती ठेवू. मागच्या सीटवर पाय दुमडावे लागतात." तुमच्या सासूबाईंचं तेच ऑपरेशन झालेलं, हे नंतर कळलं. बॅगा किती, त्यात वॉकर आहे का, तो घडी होतो का. विमान कंपनीला व्हीलचेअर सांगितली आहे का. नसेल तर निदान ४८ तास आधी सांगा, आयत्या वेळी ओढाताण होते. रिसॉर्टमध्ये रिसेप्शनपासून खोली किती लांब आहे. हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. वार्क्याची रिसॉर्ट ऐसपैस पसरलेली, बागेतून चालत जायचं म्हणजे आईंना जड. "आत्ताच फोन करून तळमजल्याची खोली मागा, आणि रात्री उशीर झाला तरी बॅटरीची गाडी तयार ठेवा म्हणून सांगा," हे तुमचंच सांगणं. आम्हाला तळमजला मिळाला.

तुमचे यजमान गाडी चालवतात आणि बुकिंग तुम्ही बघता. तुम्ही घरात बसून, हातातलं काम करता करता हे सगळं विचारत होतात. मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची. पैशांचंही तसंच. थोडी रक्कम आगाऊ घेतलीत, बाकी "आजी खोलीवर पोचल्या की". पार्किंग आणि रात्रीचा आकार त्यातच धरलेला, वर काही नाही, हे मेसेजमध्ये लिहून दिलंत. गाडीचा नंबर आदल्या दिवशी पाठवलात आणि खाली लिहिलंत: पिवळी पाटी बघूनच बसा, बाहेर कुणी पांढऱ्या पाटीच्या गाडीत स्वस्तात नेतो म्हणाला तर जाऊ नका, खाजगी गाडी भाड्याने चालवली आणि काही झालं तर तिचा विमा चालत नाही. ही माहिती तुमच्या फायद्याची आहे असं कुणी म्हणेल. ती खरीही आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन रात्रीच्या प्रवासाला निघालेल्यांना ती कुणीतरी सांगायलाच हवी.

विमान किती वाजता उतरतं हे तुम्ही विचारलंच नाहीत. "वेळ नको, फ्लाइट नंबर द्या, आम्ही बघत राहतो." त्याचा अर्थ प्रवासाच्या दिवशी उमगला. दिल्लीकडे धुकं होतं, तिकडून येणारं विमानच अडकलं आणि आमचं निघणं लांबत गेलं. नागपूरच्या विमानतळावर आम्ही फलकाकडे बघत होतो, काही घोषणा नव्हती, आणि तुमचा मेसेज आला: विमान अजून तिकडून निघालेलं नाही, तीन तास तरी धरा, आजींचं जेवण आणि गोळ्या तिथेच करून घ्या, वाटेत वेळ साधणार नाही. खाली लिहिलं होतं, "भिवपाची गरज ना, गाडी थांबेल." आईंनी तो मेसेज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्यांनी तिथेच डबा उघडला, थालीपीठ खाल्लं, गोळ्या घेतल्या. इतका वेळ त्या सारखं म्हणत होत्या की माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय. ते बोलणं त्यानंतर बंद झालं.

मोपाला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. दादा, म्हणजे तुमचे यजमान, दारातच उभे होते. हातातल्या कागदावर माझं नाव नव्हतं, मोठ्या मराठी अक्षरांत आईंचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या नावाची पाटी धरून उभं होतं. त्यांनी चष्मा पुसून ती वाचली आणि दादांना म्हणाल्या, "ती मीच."

आणि ते स्टूल! गाडीच्या डिकीतून दादांनी एक लाकडी स्टूल काढलं, वीतभर उंचीचं, वर रबराची जाड पट्टी खिळ्यांनी ठोकलेली, पायांना खाली रबराचे बूच. ते दारापाशी ठेवून त्यांनी आधी स्वतः त्यावर उभं राहून दाखवलं, डुगडुगत नाही याची आईंची खात्री पटू दिली. मग म्हणाले, "पाठ सीटकडे करा, आधी टेका, मग पाय आत घ्या, घाई नाही." इस्पितळात फिजिओथेरपी शिकवणाऱ्या मुलीने हेच शब्द वापरले होते. हे स्टूल तुम्ही सुताराकडून मुद्दाम करून घेतलंय हे दादांनी वाटेत सांगितलं. उंच गाडीत म्हातारी माणसं बसायला घाबरतात, म्हणून. गाडी मोठी मागितली की काम झालं असं आम्हाला वाटत होतं. चढायचं कसं, हे तुम्ही ओळखलं होतंत.

रस्त्याबद्दलही तुम्ही आधीच सावध केलं होतंत. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवप्रदर्शन चालू होतं, दहा वर्षांनी येणारा सोहळा. शिवाय पर्वरीला उड्डाणपुलाचं काम. दोन्हींमुळे वेळ लागणार, हे माहीत असल्याने कुणी चिडलं नाही. पर्वरीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती तेव्हा दादा आईंना तो सोहळा कसा असतो ते सांगत होते. हिंदू शेजारीसुद्धा गोंयच्या सायबाला, म्हणजे सेंट झेवियरला, कसे जातात, त्यांच्या आईचा नवस काय होता. आईंनी त्यांना आमच्या कोराडीच्या देवीचं सांगितलं. मांडवीवरच्या अटल सेतूवरून खाली पणजीचे दिवे दिसले. नव्या झुआरी पुलावर दादांनी वेग थोडा कमी केला, तारांचे ते उंच जाळे आईंना नीट दिसावे म्हणून. जुन्या पुलावर पूर्वी तासन् तास कसे अडकायचो, तेही सांगितलं.

एक गोष्ट लिहायला थोडा संकोच होतो, पण लिहिते, कारण घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकीला ती कळेल. इतक्या लांबच्या रस्त्यावर आईंना बाथरूमला जावं लागणार होतं, आणि ते परक्या पुरुषाला सांगणं त्यांच्या जिवावर आलं असतं. तुम्ही मला आधीच फोनवर विचारून ठेवलं होतंत. म्हापशाच्या पुढे एका ठिकाणी दादांनी न सांगता गाडी वळवली आणि म्हणाले, "मी चहा घेतो, तुम्हीही पाय मोकळे करा." आत कमोड होता, पायरी नव्हती, दाराला कडी होती, पाणी होतं. तुम्ही त्या जागा स्वतः बघून ठेवल्या आहेत हे मला माहीत आहे, कारण तुम्ही मला दोन नावं सांगून त्यातली एक "तिथे पायऱ्या आहेत, नको" म्हणून खोडली होती. आईंना कुणालाही काही सांगावं लागलं नाही. ताई, या एका गोष्टीसाठी मी तुमचे आभार कसे मानू ते मला खरंच सुचत नाही.

रिसॉर्टवर पोचलो तेव्हा दीर, नणंद, मुलं सगळी दारात उभी होती. बॅटरीची गाडी तयार होती. दादांनी बॅगा उतरवल्या, वॉकर उघडून आईंच्या हातात दिला आणि त्या खोलीत पोचल्याचा निरोप येईपर्यंत पैसे घेतले नाहीत. मी वर काही देऊ केलं तर त्यांनी हात जोडले, "देव बरें करूं" म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघाले. तुम्ही जेवायला थांबला होतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

एकटीदुकटी, धडधाकट माणसं विमानतळावरच्या काउंटरवरून प्रीपेड टॅक्सी घेतात आणि सुखाने जातात. त्यात काही वावगं नाही. पण म्हातारं माणूस, आजारी माणूस, तान्हं मूल बरोबर असेल तर आधी बोलून ठरवलेली गाडी हा चैनीचा खर्च नाही, हे मी आता ज्याला त्याला सांगते. आणि गाडीवाला निवडताना दराआधी तो आपल्याला काय विचारतो ते ऐका, असंही सांगते. दर चौकशी केलेल्या बाकीच्यांनीही चांगलेच सांगितले होते. आई कशा बसतील, हे फक्त तुम्ही विचारलंत.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी आई दोन नातवंडांच्या खांद्यांवर हात ठेवून वाळूच्या कडेपर्यंत गेल्या आणि खुर्ची टाकून बराच वेळ पाण्याकडे बघत बसल्या. तुम्हाला फोटो पाठवलाच आहे. त्यांचा तुम्हाला आशीर्वाद आहे, आणि दादांना निरोप आहे की नागपूरला आलात तर उतरायचं आमच्याकडेच. संत्र्यांच्या दिवसांत या.

आमच्या मावससासूबाई मार्चमध्ये कोलव्याला येणार आहेत. तुमचा नंबर त्यांना दिला आहे. त्यांचं तिकीट दाबोळीचं आहे, गुडघे दोन्ही दुखतात, आणि त्यांना ऐकायला जरा कमी येतं, तेव्हा फोनवर थोडं मोठ्याने बोला.

आपली,
वार्क्याला आलेल्या आजींची सून