बेरा ‘पंधरा मिनिटांत’? आधी बाळ झोपवून दाखवा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली बेरा चाचणीची, म्हणजे झोपलेल्या बाळाला ऐकू येते का ते तपासण्याची, बातमी वाचली. आपल्याकडे यंत्र आले, आनंद आहे. फीत कापणाऱ्यांची नावे एकही न गाळता छापलीत, तेही बरे केलेत. पण ‘अवघ्या पंधरा मिनिटांत बाळाच्या बहिरेपणाचे अचूक निदान’ हे वाक्य कोणाच्या लेखणीतून उतरले? त्या वार्ताहर महाशयांनी एकदा तरी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून यावे.

माझ्या नातीची बेरा पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात करायची होती. बाळाला रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे लवकर उठवा आणि इथे येईपर्यंत अजिबात झोपू देऊ नका, असे फोनवर बजावले होते. आता रात्रभर जागवलेले मूल साताऱ्याहून पहाटेच्या स्वारगेट गाडीत बसवल्यावर काय करणार? खंबाटकीच्या बोगद्यात शिरेपर्यंत पोरीने मान टाकली. सुनेने ओला रुमाल फिरवला, तळपाय चोळले. मी पिशवीतून खुळखुळा काढून वाजवू लागले. तो तिला ऐकू येतो का हे बघायलाच आपण निघालोय, हे सुनेने माझ्याकडे पाहिले तेव्हा डोक्यात आले. रुग्णालयात पोचलो तर बाईसाहेब टक्क जाग्या! झोपेचे औषध दिले, ते तिने माझ्या पदरावर ओकले. पुन्हा थोडे दिले. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर कोणीतरी स्ट्रेचर आपटले. कपाळावरचा इलेक्ट्रोड ओढून हातात! पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला सर्दी निघाली; कानाच्या पडद्यामागे पाणी असेल तर निकाल चुकेल म्हणून परत पाठवले. त्यात डॉक्टरांचे काही चुकले नाही. पण तुमची पंधरा मिनिटे कोणत्या घड्याळातली, हे कळले तर बरे.

झोपेचा एवढा अट्टहास का, हे मात्र बातमीत एका शब्दाने नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून अखेर चाचणी झाली तेव्हा ऑडिओलॉजिस्ट (श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञ) मॅडमना खोदून खोदून विचारले. कानात टक-टक आवाज सोडतात, आणि त्यानंतरच्या दहा मिलिसेकंदांत कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत जी विजेची हालचाल होते, ती टिपतात. ही हालचाल एक मायक्रोव्होल्टही भरत नाही. बाळाने नुसते ओठ चोखले तरी स्नायूंची वीज तिच्यापेक्षा मोठी. म्हणून एकेका आवाजपातळीला हजार-दोन हजार टकटकींची सरासरी काढायची, डेसिबल कमी करत जायचे आणि आलेखातल्या लहरींपैकी पाचवी कुठवर टिकते ते बघायचे. तीच सर्वांत शेवटी नाहीशी होते. पुन्हा दुसरा कान आहेच.

आता ‘अचूक’विषयी. नातीच्या उजव्या कानाला ९० डेसिबललाही लहर आली नाही. घरी रडारड झाली. पण तीच पोर गणपतीच्या ढोलाला दचकायची! मॅडमनी सांगितले, ही टकटक मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या सुरांबद्दल सांगते. खालच्या सुरांचे थोडेफार शिल्लक असू शकते, त्यासाठी एएसएसआर, म्हणजे वेगवेगळ्या सुरांना कान कितपत साथ देतो ते टिपणारी अशीच दुसरी चाचणी, करू. तुमची बातमी वाचून ‘लहर नाही’ एवढाच कागद हाती आलेली आई काय समजेल? मूल महिन्याचे व्हायच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. आमच्या नातीच्या कानाला श्रवणयंत्र लागले तेव्हा ती चालायला लागली होती. चाचणीचे यंत्र कमी पडले म्हणून नव्हे. तारखा, निजवायला एक शांत खोली आणि ती चाचणी करणारे माणूस कमी पडले. आपल्याकडच्या नव्या यंत्रावर कोण बसणार आहे, ते पद भरले आहे का, हे तेवढे छापा.

आणि तो फोटो! मोठा मुलगा काचेच्या खोलीत हेडफोन लावून बटण दाबतोय. अहो, बेरात कोणी बटण दाबत नाही. ज्याला ऐकू आले की नाही ते सांगता येत नाही, त्याच्यासाठीच तर ती आहे. मोठ्यांच्या बहिरेपणाच्या दाखल्यावरची टक्केवारी ज्या चाचणीवरून काढतात, तिचा फोटो तुम्ही बेराच्या बातमीला चिकटवलात.

जाता जाता, रविवारच्या पुरवणीतले बहिऱ्या आजोबांचे विनोद आता पुरे करा. तीच ती ‘काय म्हणालास?’ची कोटी मी शाळेत शिकत होते तेव्हापासून वाचतेय. छापायचेच असतील तर निदान नवे तरी शोधा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा