बाबा, यंदा शाकारणीला माणसं लावा

लेस्टर, इंग्लंड,
१४ एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घरात राहायला जाऊन सहा महिने झाले, अजून दुरुस्ती संपली नाही? आणि त्यातलं तुम्ही किती करता, माणसं लावून किती?" तेव्हा पिल्लू रडत होती, धड बोलता आलं नाही. सावकाश सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहायला बसले. शेवटी एक मागणंही आहे. आई, पत्र वाचून दाखवताना ते गाळू नकोस.

इकडे घर घेण्याआधी सर्व्हेयरकडून ते तपासून घेतात. आमचं घर १८९० च्या आसपासचं, लाल विटांच्या लांबलचक ओळीतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. जुनं म्हणून आम्ही सगळ्यात सविस्तर तपासणी करून घेतली. अहवालात प्रत्येक गोष्टीला रंग असतो: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दुरुस्ती लागेल पण घाई नाही, तांबडा म्हणजे गंभीर किंवा तातडीचं. आमच्या वाट्याला नऊ तांबडे आले. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. पैसे बुडाले, असंच वाटत होतं.

दोन-तीनदा वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. रंगावरून काम किती निकडीचं ते कळतं, ते कोणी करायचं हे कळत नाही. काही तांबडी कामं फावड्याने होण्यासारखी निघाली, आणि काही पिवळ्यांना आम्ही हात लावणं वेडेपणा ठरला असता. मग मी वहीत एकेका कामापुढे एकच प्रश्न लिहीत गेले: माझ्या हातून हे चुकलं तर काय होईल? चूक डोळ्यांना दिसेल आणि पुढच्या रविवारी काढून पुन्हा करता येईल, तर काम आमचं. चूक भिंतीच्या पोटात दडून राहील आणि एखाद्या रात्री कोणाच्या जिवावर येईल, तर काम कारागिराचं, मग कितीही पैसे पडोत.

गॅसचा बॉयलर आणि विजेचा बोर्ड तर यादीतून पहिल्याच दिवशी बाजूला काढले. गॅसला, गॅस सेफ रजिस्टर या इथल्या अधिकृत गॅस कारागिरांच्या यादीत नाव असलेलाच माणूस बोलावला, आणि आल्याबरोबर त्याचं कार्ड पाहिलं. विजेचा बोर्ड जुना, तारेच्या फ्यूजांचा होता. तो बदलायचा तर इथे नियमाप्रमाणे दाखला लागतो. पुढे कधी घर विकायचं झालं तर समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो. बाबा, तुम्ही फ्यूजची तार बदलायचात तेव्हा मी बॅटरी धरून उभी असायचे, ते आठवलं. पण पिल्लू आता रांगायला लागली आहे. जमिनीलगत जे दिसेल त्यात बोट घालते.

छपरालाही हात लावला नाही. तिकडे आपल्याकडे कौलं तशा इथे दगडाच्या पातळ पाट्या असतात, स्लेट म्हणतात. दगडाला सहसा काही होत नाही, त्याला धरणारा लोखंडी खिळा गंजून झडतो आणि पाटी घसरते. सर्व्हेयरने खालून दुर्बिणीतून तीन घसरलेल्या मोजल्या होत्या. परांची बांधून माणसं वर गेली तेव्हा अकरा निघाल्या. शिवाय धुराड्याच्या बुडाशी शिशाचा पत्रा असतो, तो फाटलेला. परांचीचंच भाडं इतकं असतं की एकदा बांधली की वरची सगळी कामं उरकून घ्यावीत. म्हणून स्लेट, शिशाचा पत्रा आणि मागची पन्हळ अशी तिन्ही कामं त्याच आठवड्यात करून घेतली. तिघांकडून लेखी दर मागवले होते. सगळ्यात स्वस्तवाल्याला काम दिलं नाही, कारण नक्की काय करणार ते त्याने लिहूनच दिलं नव्हतं. ज्याला दिलं त्याच्याकडून काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो घेतले. मला वर जाऊन बघायचं नव्हतं, पण झालेलं काम डोळ्यांनी पाहायचं होतं.

आता ओलीबद्दल सांगते, कारण ते तुम्हाला आवडेल.

मागच्या खोलीची भिंत जमिनीपासून हात-दीड हात ओली होती. गिलावा फुगलेला, वर पांढरे क्षार. अहवालात तांबडा. ओलीचे उपचार विकणारे एक गृहस्थ फुकट तपासून देतो म्हणून आले. भिंतीला यंत्र टेकवलं, ते पिंपिं वाजलं. म्हणाले, जमिनीतलं पाणी चढतंय, भिंतीत ओळीने भोकं पाडून रसायन भरावं लागेल. आकडा ऐकून मला घाम फुटला. होकार देणारच होते, पण जो उपाय विकतो त्यालाच रोग विचारला, हे मनाला खात राहिलं. मग काहीही न विकणाऱ्या दुसऱ्या सर्व्हेयरला पैसे देऊन बोलावलं. तो आत आलाच नाही. आधी घराला बाहेरून फेरी मारली आणि भिंतीच्या पायथ्याशी बसला. या घरांच्या भिंतीत पायाजवळ ओल अडवणारा एक थर असतो, तो बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान १५० मिलिमीटर वर हवा. आधीच्या मालकाने अंगणात फरशी घालताना जमीनच त्या थराच्या वर नेली होती. जमिनीखालच्या लाकडी वाशांना वारा मिळावा म्हणून जाळीच्या विटा असतात, त्याही त्यात अर्ध्या बुजलेल्या. आणि वरून पन्हळीचा सांधा नेमका त्याच कोपऱ्यात गळत होता.

मला आपलं मागचं दार आठवलं. ओटीच्या बाजूला माती साचली की तुम्ही आम्हाला कुदळ देऊन बाहेर काढायचात, "पाणी घराकडे येता नये, घरापासून गेलं पाहिजे" म्हणत. तेच इथे केलं. भिंतीलगतच्या फरशा काढून तुमच्या जावयांनी आणि मी तीन शनिवारात चर खणला, त्यात खडी भरली, जाळ्या मोकळ्या केल्या. पन्हळ छपरासोबत बदललीच होती. मग भिंतीला काहीही न करता नुसतं थांबलो. जाड भिंत इंचाला महिना घेते वाळायला, आणि ही नऊ इंची. आता वरची निम्मी कोरडी लागते. आतला गिलावा उन्हाळा संपल्याशिवाय करणार नाही. ओल्या भिंतीला रंग लावून घाई केली असती तर सगळं पुन्हा फुगलं असतं.

बाहेरच्या विटांमधल्या दरजा मात्र याच महिन्यात घेतल्या आहेत. या विटा चुन्यात बसवलेल्या आहेत, आणि कोणीतरी मधे दरजांत सिमेंट भरलं. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं. सिमेंटने वाट अडवली की ते विटेतून निघतं, थंडीत तिथेच गोठतं, आणि विटेचा चेहराच खपलीसारखा निघून येतो. मी पहिल्या दिवशी छिन्नीने सिमेंट काढत होते तेव्हा एक वीट अशीच हातात आली, आतून भाजलेल्या रताळ्यासारखी भुसभुशीत. तेव्हापासून हात फार हळू चालवते. कापायचं यंत्र वापरत नाही, कारण ते विटेच्या कडा खातं. इंचभर खोल दरज मोकळी करायची, ब्रशने झाडायची, पाणी मारायचं आणि चुना दाबून भरायचा. वरून ओलं गोणपाट, म्हणजे तो घाईने सुकत नाही. पारा पाचच्या खाली जाणार असेल तर काम बंद. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालते, काळजी करू नका. एका शनिवारी जेमतेम एक चौरस मीटर होतं. पण हे काम माझं आहे. दरज बिघडली तर उकरून पुन्हा भरता येते, आणि चुना ओला केल्यावर जो वास येतो तो थेट आपल्या माजघराचा आहे.

पुढच्या खिडकीची खालची चौकट वरून रंगवून गुळगुळीत होती. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. तेवढं कुजकं लाकूड कापून नवा तुकडा सुताराकडून बसवून घेतला. मी जवळ उभी राहून पाहिलं, दुसरी खिडकी मी करणार आहे. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी लावूनच.

एका बाबतीत मात्र मी चुकणार होते. छताला खडबडीत नक्षीचा लेप आहे, तो खरवडून टाकू असं मीच म्हणत होते, आणि अहवालात तर तो नुसता पिवळा. तुमचे जावई अडून बसले, आधी तुकडा प्रयोगशाळेत पाठवू. त्यात पांढरं ॲस्बेस्टॉस निघालं. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या अशा लेपांत ते असू शकतं. शाबूत आहे तोवर फारसा धोका नाही, खरवडलं की धूळ छातीत जाते. पिल्लू त्याच खोलीत झोपते. आता त्याला नुसता रंगाचा हात दिला आहे आणि तिथे खिळादेखील ठोकायचा नाही असं ठरवलं आहे.

आता मागणं.

बाबा, गेल्या मे महिन्यात शाकारणी करताना तुमचा पाय शिडीवरून सुटला आणि तुम्ही दोन आठवडे कंबर शेकत होतात, हे आईने मला दिवाळीनंतर सांगितलं. तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. तुम्ही पंचाहत्तरीला आलात. कौल कसं परतायचं हे तुमच्याइतकं वाडीत कोणाला कळत नाही, आणि माणसं लावली की ती वासे न बघता कौलंच फोडतात हेही खरं. पण माझ्या वहीतला प्रश्न तुमच्या छपरालाही लावून बघा. कौल चुकीचं बसलं तर गळेल, पुन्हा बसवता येईल. तुम्ही पडलात तर मी इथून निघून पोचेपर्यंत दोन दिवस जातील, आणि तोवर आई एकटी असेल.

म्हणून यंदा मृगाआधी दोन गडी बोलवा. पैसे मी पाठवले आहेत, खात्यावर बघा. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसा आणि कुठलं कौल सरकलंय, कुठला वासा ठोकून बघायचा ते खालून सांगा. आई, शिडी पडवीतून काढून शेजारी ठेवायला दे. मी रविवारी फोन करीन तेव्हा गडी कोण ठरले ते मला सांगायचं.

आणि बाबा, आजोबा चुन्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचे, त्याचं प्रमाण तुम्हाला आठवतं का? इथल्या भिंतीत घालणार नाही, पण लिहून ठेवायचं आहे. फोनवर नको, कागदावर लिहून फोटो पाठवा, तुमच्या अक्षरात.

पिल्लूचा दोघांना गोड पापा.

तुमची,
मनू