दादाच्या गोळ्या आणि त्याचं लक्ष

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, काल फोनवर म्हणालीस, "आवाज थांबून वर्ष झालं, आता नुसता आळस उरलाय." त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहितेय. दादा आळशी नाही. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं आणि लक्ष न लागणं हे एकाच आजाराचे, स्किझोफ्रेनियाचे, त्रास, पण मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या.

मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. या आजारात तिथे डोपामिन नावाचं रसायन जास्त बनतं. कशाकडे वळून बघायचं याची खूण डोपामिन करतं. ती खूण जिथे तिथे उमटायला लागली की शेजारच्यांच्या खोकल्यातही आपल्यासाठी निरोप आहे असं वाटतं. दादाच्या गोळीतलं रिस्पेरिडोन तिथले डी-2 रिसेप्टर, म्हणजे डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा, अडवतं. साधारण 65 टक्के अडले की आवाज, संशय ओसरायला लागतात. 80 टक्क्यांच्या आसपास गेले की हात थरथरतात, चाल आखडते, चेहरा कोरा दिसतो. म्हणून बाबा, "सुस्त आहे, डोस वाढवा" असं डॉक्टरांना म्हणू नका. त्याने सुस्ती वाढण्याचीच शक्यता जास्त.

कपाळामागच्या भागाचं गणित निराळं. ऐकलेली गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवायला तिथे डोपामिन लागतं, पण अगदी बेताचं. कमी पडलं तरी धागा सुटतो, जास्त झालं तरी सुटतो. दादाच्या आजारात तिथे ते कमी पडत असावं, आणि आवाज थांबवणारी गोळी ती उणीव भरून काढत नाही. बऱ्याच जणांत हा त्रास आवाजांच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्याचे बारावीचे मार्क आता या नजरेने बघा.

"दूध आण, येताना इस्त्रीचे कपडे घे, पैसे उरले तर कोथिंबीर." यात तीन कामं आहेत आणि वर एक 'तर'. जिना उतरेपर्यंत त्यातलं दूध तेवढं उरतं. एकच काम सांगा, ते झालं की दुसरं. नाहीतर चिठ्ठी खिशात द्या आणि झालेल्या कामावर त्यालाच पेनाने खूण करू दे. प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा. त्याचा विचारांचा वेग कमी झालाय. घाईने दुसऱ्यांदा विचारलं की पहिला प्रश्न पुसला जातो आणि तो गप्प होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावू नका, मोबाइलवर टायमर लावून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू भिंगाने वाचा. रिस्पेरिडोनसोबत 'ट्रायहेक्सीफेनिडिल 2 मिग्रॅ' लिहिलंय का? एकाच गोळीत दोन औषधं देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. हे दुसरं औषध थरथर कमी करतं, पण ॲसिटिलकोलीन हे मेंदूतलं दुसरं रसायन अडवतं, आणि नवं काही लक्षात ठेवायला तेच लागतं. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, जवळचं धूसर दिसणं हे त्याचेच परिणाम. थरथर नसताना ते वर्षानुवर्षं चालू राहिलं तर आधीच अधू झालेल्या स्मरणशक्तीवर आणखी ओझं पडतं. मात्र स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवलं तर थरथर, मळमळ, निद्रानाश उसळतो. आणि गोळी जोडीची असेल तर रिस्पेरिडोनही सुटेल, मग आवाज परत येऊ शकतात. डॉक्टरांना एवढंच विचारा: दोन्ही औषधं वेगळी लिहून देता येतील का, आणि दुसरं हळूहळू कमी करता येईल का?

लक्ष आणि स्मरणशक्तीच्या सरावाचे वर्ग जवळपास कुठे आहेत, तेही त्यांनाच विचारा. त्यांचा उपयोग होतो, पण महिनोन् महिने जावं लागतं. तोवर रोज सकाळी अर्धा तास, दम लागेल इतकं भरभर चालणं. बाबा, तुम्ही सोबत गेलात तर तो जाईल. अपरात्री काही बिनसलं आणि डॉक्टर मिळाले नाहीत, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

रविवारी फोन करते. पट्टी हाताशी ठेवा, मागचं सगळं मला वाचून दाखवा.

तुमची,
छकुली